स्लॅब, ओटा आणि मोठी आई

लंच टाइमला आमच्या टीममधल्या एकीने मोबाईल पुढे केला. वाकडला तिचा टू बीएचके तयार होतोय आणि इंटिरियरवाल्याने डिझाइन पाठवलंय. ‘बघ ना, कसलं सही आहे! मिड-सेंच्युरी मॉडर्न!’

मी बघितलं. निमुळत्या, तिरक्या पायांचा सोफा. वेताच्या पाठीची खुर्ची. पॅसेजमध्ये सिमेंटची जाळी. आणि खाली क्रीम रंगावर लाल-काळे ठिपके असलेली फरशी. तिचं नाव म्हणे टेराझो. तिचा स्क्वेअर फुटाचा दर ऐकला आणि पोळीचा घास माझ्या घशातच अडकला.

किमतीमुळे नाही हो. (बरं, थोडा किमतीमुळेही.) खरं कारण असं, की या फरशीवर मी रांगले होते. खामगावच्या आमच्या घरात, बुलढाणा जिल्ह्यात. तिथे तिला टेराझो वगैरे कुणी म्हणत नाही. मोझॅक म्हणतात, आणि दिवाळीच्या आधी ती घासून घ्यायचं काम घरातल्या सगळ्यात लहान पोराकडे असतं. म्हणजे माझ्याकडे.

योगायोग बघा. त्याच आठवड्यात बाबांचा फोन आला. ‘खामगावच्या घराला बिल्डर मिळालाय. रविवारी सगळे बसतोय. तू पण ये.’

बिल्डर! माझ्या टेराझोवर!

शनिवारी रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली. पण बसण्याआधी, आयटीत काम करणारं कुठलंही शहाणं माणूस जे करेल तेच मी केलं. दोन रात्री जागून प्रेझेंटेशन तयार केलं. विषय: आपलं घर का पाडू नये.

आता हे मिड-सेंच्युरी मॉडर्न म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. म्हणजे पुढच्या पार्टीत तुम्हालाही फेकता येईल. दुसरं महायुद्ध संपलं आणि जगभरच्या आर्किटेक्ट मंडळींनी ठरवलं, की घरावरची नक्षी, कमानी, कळस, सगळं बास. सरळ रेषा, सपाट छत, मोठ्या खिडक्या, साधं फर्निचर. अमेरिकेत एका मासिकाने १९४५ ते १९६६ या काळात ‘केस स्टडी हाउस’ नावाचा उपक्रम चालवला. नव्या काळातल्या साध्या कुटुंबाने कसं राहावं, याचे नमुनेच बांधून दाखवायचे. त्यातलं आठव्या नंबरचं घर चार्ल्स आणि रे ईम्स या नवरा-बायकोने १९४९ मध्ये स्वतःसाठी बांधलं. हेच जोडपं पुढे भारत सरकारच्या बोलावण्यावरून इथे आलं, आणि १९५८ मध्ये त्यांनी जो अहवाल लिहिला त्यातून अहमदाबादची एनआयडी उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक कशाचं केलंय माहितेय? लोट्याचं. आपल्या तांब्याच्या भावाचं!

आपल्याकडे ही हवा मोठ्या झोकात आली. १९५० च्या दशकात चंदीगड उभं राहिलं. ल कॉर्बुझिए, त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय, जेन ड्रू. सरकारी नोकरांसाठी हुद्द्याप्रमाणे घरांचे प्रकार ठरले, मंत्र्यापासून शिपायापर्यंत. तिथल्या ऑफिसांतल्या सागवानी-वेताच्या खुर्च्या पुढे परदेशातल्या लिलावांत लाखोंनी विकल्या जायला लागल्या, तेव्हा २०११ मध्ये केंद्र सरकारला त्या विकायला बंदी घालावी लागली. आणि यात आपली माणसंही होती बरं का! कोकणातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियसच्या हाताखाली शिकून १९४७ मध्ये परतले. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी १९५१ मध्ये पॅरिसला कॉर्बुझिएकडे कामाला लागले आणि २०१८ मध्ये प्रित्झकर मिळवणारे पहिले भारतीय ठरले.

पण यातलं कुणीही खामगावला आलं नाही. खामगावला आला ओव्हरसिअर.

हा माणूस कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. पण महाराष्ट्रातल्या लहान गावांत मॉडर्न घर जर कुणी आणलं असेल, तर ते सरकारी बांधकाम खात्यातल्या ओव्हरसिअरने आणि त्याच्या हाताखालच्या मिस्त्री-गवंड्यांनी. बुलढाणा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, मग मुंबई राज्यात, आणि १९६० पासून महाराष्ट्रात. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. नवी ऑफिसं, नवे दवाखाने, नवी क्वार्टर्स. चौकोनी, सपाट छताची, लांब छज्जांची. ती बघून गावातल्या पगारदार माणसाला वाटायला लागलं, आपलंही घर असंच ‘क्वार्टरसारखं’ हवं. त्याच्या हाताशी पुस्तकंही होती. पुण्याचे इंजिनिअर आर. एस. देशपांडे यांनी १९३५ मध्ये ‘चीप अँड हेल्दी होम्स फॉर द मिडल क्लासेस ऑफ इंडिया’ आणि १९३९ मध्ये ‘मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया’ अशी पुस्तकं काढली होती. नावावरूनच कळतं, ती महालात राहणाऱ्यांसाठी नव्हती.

आमचे आजोबा एका जिनात दिवाणजी होते. कापसाचं गाव, सरकीचा वास, पगार बेताचा. १९६४ मध्ये एका ओव्हरसिअरने फावल्या वेळात त्यांना नकाशा काढून दिला. तेव्हा सिमेंट दुकानात जाऊन मिळायचं नाही, परमिट लागायचं. (हे नियंत्रण १९८२ मध्ये थोडं सैल झालं आणि १९८९ मध्ये पूर्ण उठलं.) त्यामुळे गोण्या मोजून काम. पण काय घर झालं! पुढे दोन बारीक पाइपांवर तोललेला पोर्च. घराला कमरपट्ट्यासारखा फिरलेला छज्जा. जिन्याला सिमेंटची जाळी, दुपारी तिची सावली पायऱ्यांवर पडते. भिंतीत बसवलेली कपाटं. खाली लाल काठाची मोझॅक. आणि दर्शनी भागावर सिमेंटच्या आकड्यांत १९६४.

मी प्रेझेंटेशनमध्ये याचे बावीस फोटो टाकले.

रविवारी सकाळी दहा वाजता पुढच्या खोलीत सगळे जमले. बुलढाण्याहून बोथ्याचा घाट उतरून आई-बाबा. अकोल्याहून आत्या. नागपूरहून दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ. आणि घरात राहणारी एकटी मोठी आई. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, मोठी आई म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. पुण्यात तिला काकू म्हणतात, पण आमच्याकडे ती आईच, फक्त मोठी.

बिल्डरची ऑफर साधी होती. घर पाडायचं, चार मजले चढवायचे, खाली दुकानं, प्रत्येकाला एकेक फ्लॅट किंवा रोख. दादाला रोख हवी होती. मुलीच्या मेडिकलची फी भरायची आहे, आणि त्याने ते लपवलं नाही. आत्या म्हणाली, तुम्ही ठरवाल ते. बाबा गप्प. सह्या चौघांच्या लागणार होत्या आणि त्यातली एक मोठ्या आईची.

मी लॅपटॉप उघडला. ईम्स, चंदीगड, जानरेची खुर्ची, टेराझोचा आजचा दर. शेवटच्या स्लाइडवर आमचा पोर्च, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ‘आपला वारसा’. झकास झालं होतं, माझ्या मते. बाबांचे डोळेही जरा ओले झाले.

मोठी आई पदराने चष्मा पुसत म्हणाली, ‘लय छान हाय पोरी. पण तुले फरशी दिसली. मले भिंत दिसते.’

‘कुठली भिंत, मोठी आई?’

‘चाल, दाखवतो.’

ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. (वऱ्हाडात बाईही ‘दाखवतो’, ‘जातो’ म्हणते, दचकू नका.) घड्याळात अकरा. बाहेर मे महिना. खामगावचा मे काय असतो ते तिथे काढल्याशिवाय कळत नाही, पारा ४४-४५ ला टेकतो. मला ओट्यासमोर उभं केलं आणि म्हणाली, ‘दहा पोळ्या लाट.’

मी लाटल्या. नकाशे बऱ्या आल्या, पोळ्या म्हणण्यासारख्या नव्हत्या. चौथ्या पोळीला कंबर बोलायला लागली, कारण ओटा जेमतेम अडीच फुटांचा. आजी ठेंगणी होती, गवंड्याने तिच्या मापाने बांधला. मोठी आई चांगली उंच. समोर भिंत. खिडकी आहे, पण डोक्याच्या वर, धूर जायला. त्यातून फक्त आभाळ दिसतं. आणि पाठीमागे दुसरी भिंत, तिच्या पलीकडे सगळं घर. पुढच्या खोलीत दादा काहीतरी बोलला, सगळे हसले. मी नकळत ओरडले, ‘काय झालं?’

कुणीच उत्तर दिलं नाही.

‘पाह्यलं?’ मोठी आई म्हणाली. ‘मी पंचावन्न साल झाले विचारून राह्यली.’

मग तिथेच, कूलरची हवा पोचत नाही अशा त्या खोलीत, तिने मला घर सांगितलं. माझ्या बावीस फोटोंत न आलेलं.

या घराआधी गावात आमचं धाब्याचं घर होतं. धाबा म्हणजे हायवेवरचा दाल फ्राय वाला नव्हे. बुलढाण्यात, खानदेशात, मराठवाड्यात जुन्या घरांना सपाट मातीचं छत असतं. लाकडी सऱ्या, वर काटक्या-फळ्या, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी नवी माती टाकून तो चोपायचा. उन्हाळ्यात रात्री वर झोपायचं, दिवसा कुरडया वाळवायच्या. तेव्हा कॉर्बुझिएने सपाट छताचा केवढा गाजावाजा केला असला, तरी आमच्या पणजोबांना ते सांगायची गरज नव्हती. छत आधीपासून सपाटच होतं. बदललं ते त्याच्या खालचं.

धाब्याच्या घरात चूल माजघराच्या कोपऱ्यात. धूर एवढा, की माणूस ओळखायला आवाज द्यावा लागायचा. बाई दिवसभर उकिडवी, चुलीपाशी, पाट्या-वरवंट्यापाशी, जात्यापाशी. संडास टोपलीचा, आणि ती टोपली मागच्या बोळातून डोक्यावर वाहून नेणारी एक बाई रोज यायची. आमच्या घरात कुणी तिच्या तोंडाकडेही बघत नसे, मोठ्या आईच्या सासूबाईंनीच तिला हे सांगितलं होतं. ओव्हरसिअरच्या नकाशात सेप्टिक टँक आला आणि मागचा बोळ गेला. आमच्या घरापुरता तरी. देशात असे संडास बांधायला आणि माणसाकडून ते साफ करून घ्यायला बंदी करणारा कायदा यायला १९९३ साल उजाडलं, आणि २०१३ मध्ये तो पुन्हा नव्याने करावा लागला. माझ्या प्रेझेंटेशनमध्ये पोर्चचे चार अँगल होते. सेप्टिक टँकचा एकही नव्हता.

आणखी एक गोष्ट. मोठी आई १९७० मध्ये लग्न होऊन आली. तेव्हा महिन्यातले चार दिवस बाजूला बसायची पद्धत कडक. धाब्याच्या घरात त्यासाठी मागे एक खोपटं होतं. या नव्या घरात? ‘नकाशात त्याले खोलीच नव्हती!’ मोठी आई खुदकन हसली. पहिली दोन वर्षं ती जिन्यात, त्या जाळीमागे बसली. (तीच जाळी, जिची सावली मला फार आर्टिस्टिक वाटते.) येता-जाता प्रत्येकाला दिसायचं, लहान मुलं विचारायची. शेवटी सासूबाईच वैतागल्या आणि म्हणाल्या, पुरे झालं, ये आत. विचार बदलला म्हणून नव्हे, जागा नव्हती म्हणून. ओव्हरसिअरला हे माहीत असण्याची शक्यता शून्य. त्याने फक्त एक खोली काढली नाही, आणि एक रूढी बसायला जागा नाही म्हणून उठून गेली.

तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं, घर मॉडर्न असतं ते कशामुळे. सोफ्याच्या पायांमुळे नाही. कोण बसतं, कोण उभं राहतं, कुणाला कुणाचं तोंड दिसतं आणि कुणाची पाठ, यामुळे.

आणि इथेच त्या ओव्हरसिअरचं गणित अर्धवट राहिलं.

ओटा आला, बाई उभी राहिली. मोठी गोष्ट आहे ही, खरंच. पण पूर्ण उभी राहिली नाही. रॉकेलचा स्टोव्ह ओट्यावर, पण भाकरीची चूल मागच्या अंगणात, तिथे बसूनच. भांडी घासायला मोरी, तीही खाली. पाटा-वरवंटा खाली. म्हणजे दिवसातून पन्नास उठबशा! मुंबईत बर्मा शेलने १९५५ मध्ये घरगुती गॅस आणला, हॉकिन्सचा कुकर १९५९ पासून बनायला लागला, इंडेनचं पहिलं कनेक्शन १९६५ मध्ये कोलकात्यात दिलं गेलं. आमच्या खामगावच्या ओट्यावर गॅस आला तो नंबर लावून, दहा वर्षांनी, १९८३ मध्ये. मिक्सर त्याच्याही नंतर. तोपर्यंत तो ओटा म्हणजे अर्धी क्रांती.

आणि भिंत. ‘सासूबाई चुलीपाशी बसून सारं घर पाह्यत होत्या,’ मोठी आई सांगत होती. ‘कोन आलं, कोन गेलं, कोन उपाशी झोपलं. धूर खाल्ला, पन घर त्याह्यच्या हातात होतं. मले उभं केलं, पन पाठ करून. समोरच्या खोलीत लग्न ठरले, वाटण्या झाल्या. मले पोह्यांच्या बशा नेताना कळे.’

पुण्याला परतताना बसमध्ये मला फ्रँकफर्ट किचन आठवलं. आज तुमच्या-माझ्या फ्लॅटमध्ये जे मॉड्युलर किचन असतं, त्याची ही पणजी. मार्गारेट शुट्टे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन आर्किटेक्टने १९२६ मध्ये ते डिझाइन केलं. १.९ मीटर बाय ३.४ मीटर. बाईची पावलं वाचावीत म्हणून प्रत्येक हालचालीचा, प्रत्येक सेकंदाचा हिशेब. फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींत अशी सुमारे दहा हजार किचन्स बसली. हेतू उत्तम, बाईचे कष्ट कमी व्हावेत. पण पुढे टीकाही झाली. ते इतकं अरुंद आणि स्वतंत्र होतं, की त्यात एकच माणूस मावायचं. बाई एकटी पडली. आणि गंमत म्हणजे लिहोट्स्कीबाईंनी स्वतःच नंतर सांगितलंय, की तोवर त्यांनी कधी स्वयंपाक केला नव्हता.

आमच्या ओव्हरसिअरनेही केला नसणार. फ्रँकफर्ट ते खामगाव, दुखणं एकच.

तर अकरा वाजता मला पोळ्या लाटायला लावून मोठी आई बारा वाजता पुढच्या खोलीत येऊन बसली. मला वाटलं, आता ती म्हणणार, पाडा. तिला पूर्ण हक्क होता. नव्या इमारतीत तिला लिफ्ट मिळाली असती, एसी मिळाला असता. स्लॅबचा आणखी एक ताप म्हणजे शब्दशः ताप. धाब्याचा जाड मातीचा थर दुपारचं ऊन वरच थोपवायचा. काँक्रीटचा पातळ स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती सगळी धग खाली सोडतो. म्हणून तर आमच्याकडे कूलर हा घरातला सदस्य असतो. मोझॅक फरशीचं कौतुक करणाऱ्या पोरीने रात्री दोन वाजता त्या स्लॅबखाली झोपून दाखवावं, असं ती म्हणाली असती तर मी काय बोलणार होते?

पण ती दादाला म्हणाली, ‘बाबू, तुह्या पोरीची फी थांबली नाही पाह्यजे. त्याचं आधी बोलू. अन् घराचं म्हनशील, तं हे घर अर्धंच झालं हाय. अर्धं घर पाडून दुसरं अर्धं कायले बांधता? त्या बिल्डरच्या नकाशात पाह्यलं मी. तिथंबी ओटा भिंतीकडंच हाय.’

सगळे गप्प! तो नकाशा आम्ही पाचही शिकलेल्या माणसांनी पाहिला होता. कार्पेट एरिया पाहिला, पार्किंग पाहिलं. ओटा कुणीच पाहिला नाही.

मग दोन तास खरं बोलणं झालं. थोडी रडारडही. दादाने स्पष्ट सांगितलं, वारशावर फी भरली जात नाही. बरोबरच होतं त्याचं. शेवटी ठरलं ते असं. बाबा आणि आत्या मिळून यावर्षीची फी उसनी देणार. सही एक वर्ष थांबणार. त्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावून स्लॅब तपासायचा, कारण मोरीच्या वरचे पोपडे पडून सळ्या दिसायला लागल्यात. तो म्हणाला धोका आहे, तर प्रश्नच मिटला, पाडायचं. तो म्हणाला ठीक आहे, तर घर आधी ‘पुरं’ करायचं आणि मग पुढच्या दिवाळीला पुन्हा बसायचं.

इंजिनिअर आला. सळ्यांचं काम सांगितलं, खर्चिक पण होण्यासारखं. आणि स्वयंपाकघराची आतली भिंत? साडेचार इंची, वरचा भार तिच्यावर नाही. पाडा खुशाल.

त्यासाठी माझं सेव्हिंग गेलं. ज्या पैशांत पुण्यात निमुळत्या पायांचा सोफा येणार होता, त्यात खामगावला तीन कामं झाली. एक, गच्चीवर पांढऱ्या फुटक्या टाइल्सची चायना मोझॅक, म्हणजे ऊन परत जातं. कारागिराला टाकाऊ टाइल्स दुकानातून पडत्या भावात मिळाल्या. धाब्याच्या मातीची सर नाही, पण रात्री पंख्याखाली झोपता येण्याइतका फरक पडला. दोन, सळ्यांची दुरुस्ती. आणि तीन, भिंत पाडून ओटा फिरवला. उंचीही वाढवली, मोठ्या आईला समोर उभं करून माप घेतलं. आता ती पोळ्या लाटते तेव्हा तोंड घराकडे असतं.

लाल काठाची मोझॅक तशीच आहे. जिथे भिंत होती तिथे फरशीत एक करडा पट्टा राहिला. तशा टाइल्स आता मिळत नाहीत, म्हणून साधा सिमेंटचा कोबा भरला. माझ्या मैत्रिणीला फोटो पाठवला, तर म्हणाली, ‘वॉव, हा स्ट्रिप मुद्दाम दिलाय का?’ हो म्हटलं. चौसष्टच्या ओव्हरसिअरची चूक कुठे होती ते लक्षात राहावं म्हणून.

दिवाळीला काय होईल, मला खरंच माहीत नाही. दादाला पुढच्या वर्षीही फी भरायची आहे. कदाचित घर जाईलही. पण तुम्हाला एक सांगते. तुमच्यापैकी निम्म्या जणांचं यावर्षी कुठेतरी इंटिरियर चालू असणार. सोफ्याचे पाय, खुर्चीची पाठ, टेराझोचा ठिपका, सगळं निवडा, मजा करा. फक्त फायनल करायच्या आधी ड्रॉइंग समोर घेऊन एक प्रश्न विचारा. संध्याकाळी सात वाजता या घरात कोण कुठे उभं असेल, आणि त्याला काय दिसत असेल? उत्तर ‘भिंत’ असेल, तर डिझाइन परत पाठवा. आणि तिथे उभं राहणारं माणूस दरवेळी एकच असेल, तर मग प्रॉब्लेम डिझाइनचा नाही, हे तुमचं तुम्हीच समजून घ्या!

परवा मोठ्या आईला फोन केला. सुट्टीला दादाची मंडळी आली होती, मागे गोंगाट. विचारलं, ‘कसा वाटतोय नवा ओटा?’

‘लय मस्त! आता सारं आयकू येते, सारं दिसते. पंचावन्न सालाचं बोलून घेऊन राह्यली मी.’

‘मग आता काही तक्रार नाही ना?’

‘मही नाही. बाकीच्याह्यची हाय,’ ती म्हणाली. ‘बोलता बोलता भाजी लागते नं बुडाले!’